माळ्यावरचा कोहळा

आमच्या घराचं तोंड रस्त्याकडे होतं, पण घर जगत होतं ते पाठीकडून. पुढच्या ओसरीत पाहुणे बसायचे, पानसुपारी व्हायची, तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पोचलं आणि कोणाच्या नाही यावर वाद व्हायचे. मागचं दार ढकललं की सांदवाडी लागायची. घरामागच्या कुंपणातल्या जमिनीला आमच्याकडे सांदवाडी म्हणतात, आणि ती सगळी बायकांच्या राज्यातली. पुरुष तिथे फार तर कुंपण बांधायला यायचे आणि तेवढ्यातही कशावर तरी पाय देऊन बोलणी खाऊन जायचे. माझी सून हल्ली गच्चीवर चार कुंड्या ठेवते आणि त्याला किचन गार्डन म्हणते. एक मिरची लागली की तिचा फोटो साऱ्या नातेवाइकांना जातो. मी काही बोलत नाही, मिरची तिखट आणि सूनही तिखट. पण मनात म्हणते, बाई गं, तू आमची सांदवाडी पाहायला हवी होतीस.

आमचं गाव गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजूला, एका जुन्या तलावाच्या खालच्या अंगाला. तलाव भरला की गाव भरलं, तलाव आटला की गाव आटलं, इतका साधा हिशेब. मी ज्या दिवसांबद्दल लिहिते आहे त्या दिवसांत स्वराज्य आलेलं होतं, तांदूळ मात्र आला नव्हता. हस्त नक्षत्र कोरडं गेलं, लोंब्या उभ्या राहिल्या त्या पोचट, आणि बाबांनी विळा न लावताच त्या बांधीत बैल सोडून दिले. कंट्रोलच्या दुकानात लाल जोंधळा मिळायचा. जन्मभर भात खाल्लेल्या पोटांना तो सोसत नव्हता, आत्या तर त्याला घोड्याचं खाणं म्हणायची आणि तरी खायची. त्या हिवाळ्यात आमच्या गावचे बरेच पुरुष बाहेर पडले. कोणी गोंदियाच्या राइस मिलमध्ये पोती उचलायला गेलं, कोणी नागझिऱ्याच्या जंगलात लाकडं तोडायला. माझे बाबा गोंदियाहून आगगाडीत बसून पूर्वेला, कोळशाच्या खाणीकडे गेले. घरात राहिलो आम्ही चौघी. माय, बाबांची थोरली बहीण म्हणजे आत्या, मी, आणि माझ्या पाठची शांता. आत्या तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे आलेली, बाबांना तिनेच अंगाखांद्यावर वाढवलेलं. घरातला शब्द तिचा चालायचा.

बाबा गेले त्या दिवशी माय रडली की नाही, मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी तिने कुदळ उचलली हे मात्र डोळ्यांसमोर आहे. सांदवाडी आधीही होती, पण अशीच, चार वांगी आणि एक वेल. मायने कुंपणापासून कुंपणापर्यंत सगळी जमीन खणून काढली. आत्या ओसरीतून विचारत होती, अवो, मातीत सोनं पुरलंय का कोणी, कायले एवढा जीव काढून राहिली? माय खणत राहिली. मग उकिरड्यावरचं शेणखत आलं, चुलीची राख आली, गोठ्यातला पालापाचोळा आला. भांडी घासल्याचं पाणी एका चरातून कोचईच्या, म्हणजे अळूच्या, वाफ्यात जायचं आणि आंघोळीचं पाणी केळीला. केवळ वाहून गेलं असं पाणी त्या घरात एक थेंब नव्हतं. उरलेलं पाणी आम्ही बोडीतून आणायचो. बोडी म्हणजे आमच्याकडची छोटी तळी. मी मोठी घागर घ्यायची, शांता लहान, आणि वाटेत तिची निम्मी घागर तिच्याच अंगावर सांडलेली असायची. माय तिला वाफ्यात उभी करून परकर पिळायला लावायची, म्हणजे तेही पाणी झाडालाच.

दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत त्या जागेचं रूप असं पालटलं की वाटेने जाणारी माणसं कुंपणावरून डोकावू लागली. बांबूच्या मांडवावर दोडकी आणि कारली, कुंपणावर वालाच्या शेंगा, मधल्या वाफ्यांत वांगी, मिरच्या, भेंडी, भेदरे. टमाटरांना आमच्याकडे भेदरे म्हणतात. कडेने अंबाडी, दाराजवळ सांबार, कारण कोथिंबीर ऐन वेळी लागते आणि चूल सोडून लांब जाता येत नाही. सकाळी भोपळ्याच्या पिवळ्या फुलांत भुंग्यांची अशी गुणगुण चालायची की आत जात्यावर बसलेल्या आत्याला वाटायचं कोणी तरी तिच्यासोबत ओवी धरली आहे. दुपारी माकडं यायची. शांता डबा वाजवत त्यांच्या मागे धावायची आणि ती तिला चिडवल्यासारखी आंब्यावरून पुन्हा खाली बघत बसायची.

जेवण म्हणजे तांदळाच्या कण्या, आणि त्या कण्यांना वर काढणारी सांदवाडी. चुलीच्या आरात भाजलेलं वांगं, त्यात ठेचलेली हिरवी मिरची. कोचईच्या पानांच्या उकडलेल्या वड्या. अंबाडीची आंबट भाजी, तिच्यात मूठभर लाखोळीची डाळ. भेदऱ्याच्या चटणीचा तो वास आजही कुठून आला तर मी बोलता बोलता थांबते. डॉक्टर विचारतात, आजी, जेवण जातं का? मी म्हणते, जातं. काय हवं असतं ते त्यांना सांगून काय उपयोग? मला ती ओली काळी माती हवी असते आणि वाफ्यात वाकलेली माय, जिच्या पाठीवर उन्हाचा चौकोन पडला आहे. ते काही औषधाच्या दुकानात मिळत नाही.

मायचा एकच नियम होता, तोही तिने कधी मोठ्याने सांगितला नव्हता. कोणाच्या दारात हात पसरायला जायचं नाही. गावात ज्या घरचा माणूस बाहेर गेला आहे त्या घरची बाई पाटलाकडे सूप घेऊन जायची, त्यात कोणाला लाज वाटत नव्हती, वेळच तशी होती. माय गेली नाही. उलट आमच्या सांदवाडीतून दोन घरी रोज भाजी जायची. ती द्यायला मी जायची तेव्हा माझी मान जरा ताठच असायची.

या सगळ्या हिरव्या पसाऱ्याचा राजा होता कोहळा. आमच्याकडे कोहरा म्हणतात. राख फासलेल्या बैराग्यासारखा पांढरा, मोठा, जड. त्याचा वेल माय गोठ्याच्या कवेलूंवर, म्हणजे कौलांवर, चढवायची. हिवाळ्यात वेल वाळला की छपरावर कोहळेच कोहळे दिसायचे. ते उतरवून माळ्यावर भाताच्या पेंढ्यात ठेवले की कितीतरी महिने टिकायचे. पौषाच्या थंडीत त्यांचा कीस आणि उडदाची वाटलेली डाळ एकत्र फेटून खाटेवर वड्या घालायच्या. उन्हाळ्यात बोडी आटते, सांदवाडी करपते, तेव्हा कोरड्या दिवसांत तीच भाजी. एक मूठ वड्या तळून रस्सा केला की चौघींचं जेवण निघायचं. म्हणजे सांदवाडी आम्हाला आठ महिने जगवायची आणि उरलेले चार महिने कोहळा.

पण कोहळ्याला एक अट होती. आमच्याकडे अखंड कोहळ्यावर बाई पहिला घाव घालत नाही. कोहळा म्हणजे घरचा थोरला लेक मानतात, आणि लेकावर आई शस्त्र कशी चालवेल? घरच्या पुरुषाने एकदा दोन तुकडे करून दिले की मग बायकांनी त्याचं काहीही करावं. चार वर्षांचा मुलगा असला तरी त्याचा हात धरून कोयता टेकवतात आणि काम भागतं. आमच्या घरात तेवढाही पुरुष नव्हता. ज्या घरी विधवा एकटी असते तिथे शेजारचा कोणी जाऊन कापून देतो. आमच्या गल्लीत हे काम डोमाजीकाकांचं. पौष आला की ते कोयता घेऊन निघायचे आणि पुरुष नसलेल्या घरांतून फिरून यायचे. स्वभावाने भला माणूस, प्रत्येक घरी थोडं बसायचा, छपराची वगैरे चौकशी करायचा.

पहिली दोन वर्षं बाबा पौषात घरी आले. दिवाळीला नाही, पोळ्याला नाही, नेमके कोहळ्याच्या वेळी. आल्यावर एक दिवस ते नुसते झोपायचे. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, कोहळ्याला कुंकवाचं बोट लावून अंगणात दगडावर ठेवायचे. आम्ही दोघी अगदी अंगावर जाऊन बघत असायचो. मग ते कोयता उचलून म्हणायचे, "बाजूले सरका." एका घावात दोन फाकी. आतला पांढरा गर, त्याचा तो थंड काकडीसारखा वास, आणि मधोमध बियांचा गुंता. बाबा ओंजळभर बिया काढून मायच्या पदरात टाकायचे आणि म्हणायचे, "घे, पुढच्या सालाचं." माय त्या धुऊन, वाळवून, राखेत घोळून मडक्यात ठेवायची. हे बी तिच्या माहेरचं होतं. लग्नात तिच्या आईने पदराच्या गाठीत बांधून दिलेलं. लागलं तेवढं पेरून उरलेलं ती गल्लीत वाटून टाकायची. शिळं बी ठेवायचं नाही, दर साली नवं निघतंच, असं तिचं म्हणणं.

तिसऱ्या पौषात बाबा आले नाहीत.

कोहळे उतरवले होते, माळ्यावर रांगेने बसले होते. उडीद पाखडून ठेवला होता. माय रोज सकाळी ओसरी सारवून रस्त्याकडे एकदा बघायची, पुन्हा कामाला लागायची. महिना सरत आला तेव्हा डोमाजीकाका कोयता घेऊन अंगणात आले. ते काही वाईट मनाने आले नव्हते. म्हणाले, वहिनी, थंडी जाऊन राहिली, वड्या सुकायच्या नाहीत, आणा कोहरा, कापून देतो. माय दारात उभी होती. मला वाटलं ती आत जाऊन कोहळा आणेल. ती म्हणाली, "आमच्या घरी कापणारा हाये, भाऊजी. तो येईन."

डोमाजीकाकांनी कोयता खाली केला. थोडा वेळ छपराकडे बघितलं, दोन कवेलू फुटले आहेत म्हणाले, आणि गेले. मी तेव्हा इतकी मोठी झाले होते की मला कळलं. काकांच्या हातून कोहळा कापून घेणं म्हणजे त्या घरांच्या रांगेत बसणं, ज्या घरांत कपाळं पांढरी होती. माय कपाळावर कुंकू लावून त्या रांगेत बसणार नव्हती. आणि ती म्हणते तसे बाबा येतील यावर माझा त्या क्षणी एवढा विश्वास होता की मी अंगणातला दगड धुऊन ठेवला.

होळीच्या सुमारास बाबांबरोबर गेलेला शेजारच्या गावचा एक माणूस परत आला. माय आणि आत्या त्याच्याकडे चालत गेल्या. तो म्हणाला, बरेच महिने झाले, ते दुसऱ्या टोळीबरोबर आणखी पुढच्या खाणीवर गेले, तिकडचं मला ठाऊक नाही. जिवंत आहेत असं तो म्हणाला नाही आणि नाहीत असंही म्हणाला नाही. दोघी घरी परत आल्या. आत्याने पाय धुतले, माळ्याकडे बघितलं आणि म्हणाली, आज कढी करा.

तो उन्हाळा आमच्या घरातला सर्वांत वाईट. बोडीत चिखल राहिला, वाफे फुटले, वालाचे वेल कुंपणावर वाळून खडखड वाजायला लागले. वड्या नव्हत्या. कण्यांबरोबर मीठ आणि सुकी मिरची, कधी मोहाची फुलं भाजून. शांता रात्रीच्या जेवणाला बसली की मान वर करून माळ्याकडे बघायची, कारण तिथे एवढं खाणं ठेवलेलं तिला दिसत होतं. आत्या तिला दटावायची. पण आत्याच रोज शिडी चढून वर जायची, गुडघे दुखत असताना, आणि एकेक कोहळा फिरवून, नख लावून बघायची. शेजारणी विचारायच्या, वड्या घातल्या का वो? आत्या म्हणायची, घालू की, कायची घाई हाये. गावात बोलणं सुरू झालं होतं. कोणी म्हणे यशोदा फार ताठ आहे, कोणी म्हणे आत्याच कापू देत नाही. यशोदा म्हणजे माझी माय.

खरी अडचण निराळीच होती आणि ती आधी मायच्या लक्षात आली. बी कोहळ्याच्या पोटात होतं. मिरगाच्या आधी बी हाती आलं नाही तर वेल नाही, वेल नाही तर पुढच्या वर्षी कोहळा नाही. शेजारची काशीकाकू द्रोणात बिया घेऊन आली. म्हणाली, तुमचंच बी हाये, तुमच्याच वेलाचं, घ्या. मायने तिला पाणी दिलं, बसवलं आणि द्रोण परत तिच्या हातात ठेवला. काशीकाकू गेल्यावर आत्या पहिल्यांदा तिच्यावर तापली. तिने सांगितलं, लोक आपणहून देतात तेही घेत नाहीस, दोन पोरी आहेत घरात, त्यांच्या तोंडाकडे बघ. माय म्हणाली, "घरात बी असून दुसऱ्याचं काऊन घेऊ, बाई? घेतलं का झालं, आपलं संपलं."

आत्या उठली आणि शिडी चढून कोहळे बघायला गेली. 

आणि मग एक कोहळा पाझरायला लागला. सकाळी माळ्याखालच्या जमिनीवर पाण्याचा डाग दिसला. वरून आंबट वास येत होता. आत्याने तो कोहळा पेंढ्यासकट सुपात घालून खाली आणला. बुडाला बोट लावलं तर बोट आत गेलं. उकिरड्यावर टाकायच्या आधी तिने आतलं बी चाचपलं, तेही काळं पडलं होतं. माय बघत होती. तिचा चेहरा मला आठवतो. बाबांची बातमी आली नाही तेव्हा तो तसा झाला नव्हता. सगळे कोहळे याच वाटेने जाणार हे तिला दिसलं होतं, आणि तरीही तिचा हात कोयत्याकडे जात नव्हता. डोमाजीकाकांना हाक मारणं म्हणजे नवरा मेला म्हणणं. स्वतः कोयता घेणं म्हणजे त्याहून वाईट, लेकरावर शस्त्र. काही न करणं म्हणजे बी जाणं. तिन्हींतली कोणती तरी एक गोष्ट तिला करायची होती आणि तिला एकही करता येत नव्हती.

दुपारची जेवणं झाली होती. माय माळ्याखाली अंगणाच्या बाजूला, उखळाशी, लाखोळी निवडत बसली होती, मी तिच्याजवळ. शांता झोपली होती. आत्या शिडी चढली. आम्हाला वाटलं रोजच्यासारखी बघायला चालली आहे. वर पेंढ्याची खसफस झाली. मग तिचा आवाज आला, "बाजूले सरका."

मी चमकून वर पाहिलं. ते शब्द त्या घरात एकाच माणसाचे होते. मायने मला दंडाला धरून मागे ओढलं आणि वरून कोहळा आला. माळ्याच्या कडेला क्षणभर तो टेकल्यासारखा दिसला, मग थेट उखळाच्या दगडावर. आवाज असा झाला की शांता उठून रडायला लागली. कोहळा सरळ दोन फाकींत उघडला. बिया जमिनीभर उडाल्या, पांढऱ्याशुभ्र, एकही काळी नाही. तो थंड काकडीचा वास घरभर पसरला, आणि त्या वासाबरोबर बाबा आल्यासारखे वाटले, आणि तितक्यात गेल्यासारखे.

मग आत्या वरूनच म्हणाली, "पडला वो."

माय वर बघत होती. तिने विचारलं, "कसा पडला?"

"त्याच्या मनानं पडला. कोनी कापला का? कोनी नाही कापला. पडलेल्याचं काय पाप लागते?"

ती शिडीवरून उतरली. गुडघ्यांमुळे तिला प्रत्येक पायरीवर थांबावं लागत होतं. खाली येऊन ती फुटलेल्या कोहळ्याजवळ बसली आणि एवढा वेळ जी बाई आम्हा सगळ्यांना दटावत होती ती पदर तोंडात घालून रडायला लागली. रिवाजाची सगळ्यांत कडक राखण करणारी तीच. भावाला कडेवर घेऊन तिनेच वाढवलेलं. आज एवढ्या वर्षांनी मी विचार करते तेव्हा वाटतं, त्या माळ्यावर एकटी बसून तिने आधी स्वतःच्या मनातून भावाला किती लांब जाऊ दिलं असेल, तेव्हा कुठे तो कोहळा तिच्या हातून सुटला असेल. आणि तरी तिने तो कापला नाही. भावजयीच्या कुंकवाला धक्का लागू दिला नाही. त्या दुपारी तिने जे केलं तेवढं शहाणपण मी पुढे फार थोड्या माणसांत पाहिलं.

मायने बिया वेचल्या. एकेक. मी मदत करायला गेले तर मला तिने हातानेच थांबवलं. सगळ्या पदरात घेऊन झाल्यावर ती आत्यापुढे बसली आणि पदर तसाच तिच्यापुढे धरला. आत्याने डोळे पुसले, ओंजळभर बिया उचलल्या, पुन्हा त्याच पदरात टाकल्या. "घे, पुढच्या सालाचं." मग माय म्हणाली, "बाई, दुसरा नका पाडू आज. आणि एक वरच राहू द्या. आला तर त्याले कापाले पाहिजे."

भर उन्हाळ्यात वड्या घालणारं गावात आमचं एकच घर. दुसऱ्या दिवशी खाटेवर वड्या दिसल्या आणि डोमाजीकाका कुंपणाशी येऊन उभे राहिले. कोहळा कोणी कापला असं त्यांनी विचारलं नाही. आत्यानेच सांगितलं, पडला. काकांनी वड्यांकडे बघितलं, माळ्याकडे बघितलं, डोक्याचं फडकं सारखं केलं आणि म्हणाले, बरं झालं, पडला ते. त्या दिवशी दुपारून त्यांनी आमचे फुटलेले दोन कवेलू बदलून दिले.

पुढे आमच्या घरचा कोहळा दर वर्षी पडायचा. पौषाची थंडी धरली की आत्या शिडी चढायची. गावालाही त्याची सवय झाली. बायका सरळ विचारायच्या, यशोदे, तुमचा कोहरा पडला का? त्यात चेष्टा होती, पण बोचणारी नव्हती. दर वर्षी एक कोहळा माळ्यावर मागे राहायचा, मिरगाच्या तोंडावर तोही पडायचा. तोवर नवा वेल लागायची वेळ झालेली असायची. तलाव पुन्हा भरले, धान पिकलं, बांध्या बटईने लावून माय भाताचं पोतं घरात आणू लागली. कंट्रोलचा जोंधळा विसरला गेला. पण सांदवाडी तिने तसूभरही कमी केली नाही. लोक म्हणायचे, आता कायले एवढी मरतेस? ती म्हणायची, सवय हाये.

माझ्या लग्नात आत्या होती. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात ती गेली. पौषात मी आणि माझे यजमान चार दिवस माहेरी आलो. यजमान मोठे हौशी. सासूच्या घरी पुरुष नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि कोहळ्याचा रिवाज त्यांच्याही घरी होता. उडीद भिजलेला बघून ते उठले, आंघोळ करून आले, धोतर खोचलं आणि म्हणाले, कोयता कुठे आहे? मला काय आनंद झाला सांगू. मला वाटलं, सुटली माझी माय. या घराला आता कापणारा हात मिळाला, शिडी चढणारी आत्या नसली तरी काही अडणार नाही. मी धावत जाऊन कोयता आणला आणि अंगणातला तो दगड धुतला, लहानपणी धुतला होता तसा.

माय आतून आली. तिने माझ्या हातातून कोयता घेतला आणि खुंटीला परत अडकवला. यजमानांना वाटलं, जावयाला काम कसं सांगायचं म्हणून संकोचते आहे. सासूला ते मामी म्हणायचे. म्हणाले, मामी, मी काही परका नाही, मी कापतो. माय हसली. तिच्या कपाळावर नेहमीचं मोठं कुंकू होतं, आणि केस पार पांढरे व्हायला लागले होते.

"तुमी घरचेच आहा, जावई," ती म्हणाली. "पन आमच्या घरचा कोहरा कापत नाही. तो पडते."

एवढं बोलून ती शिडीकडे गेली. मी तिला धरायला पुढे झाले तर तिने मान हलवली. तिचे गुडघेही आता आत्यासारखे झाले होते, पायरी पायरीवर ती थांबत होती. वर पेंढ्याची खसफस झाली. यजमान माझ्याकडे बघत होते. मी त्यांचा हात धरून त्यांना उखळापासून मागे घेतलं. घरात कापणारा आला असं एकदा झालं असतं, तर ज्याची वाट बघायची त्याची जागा भरली असती. ती जागा मायला भरायची नव्हती. ती रिकामी जागाच तिचा संसार होता, आणि तिने तो सांदवाडीइतक्याच निगुतीने राखला होता. हे मला त्या क्षणी कळलं.

वरून तिचा आवाज आला, "बाजूले सरका."

कोहळा पडला. दोन फाकी झाल्या, बिया जमिनीवर पसरल्या. यजमान खाली बसले आणि माझ्याबरोबर बिया वेचू लागले. वर माय अजून माळ्यावरच होती. पेंढ्यात उरलेला एक कोहळा ती हाताने पुसून पुन्हा नीट भिंतीशी ठेवत होती.